कुठला निळा खरा?

फूटभर उंचीचा सुपरमॅन, पाच आकडी किंमत आणि त्याच्या पोशाखाच्या रंगावरून रात्र-रात्र रंगणारे वाद. महागड्या ॲक्शन फिगर्स जमवणारी मंडळी नेमकी कशावरून भांडतात? आणि त्या भांडणात आपल्या कामाचं काय आहे?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एखादा तरी असतोच. सिनेमात सगळे फायटिंग बघत असतात आणि हा कानात कुजबुजतो, ''मागच्या पार्टमध्ये बेल्टचं बकल वेगळं होतं ना रे?'' किंवा एखादी असते, जिला ट्रेलर थांबवून, झूम करून हिरोच्या बुटांची शिलाई बघायची असते. आता अशा दहा जणांना एका खोलीत बसवा, मध्ये टेबलावर एक भारीतली ॲक्शन फिगर ठेवा आणि हळूच बाहेर या. पुढचे तीन तास त्यांना तुमची गरज लागणार नाही. चहा तेवढा पाठवा.

बाहेरून ऐकलंत तर हसू येईल. ''केप दोन मिलिमीटर लांब आहे.'' ''मान जाड झालीय.'' ''हा निळा तो निळा नाहीच.'' बाहुल्यासाठी एवढं? पण जरा आत येऊन बसा. या वादांमध्ये रसायनशास्त्र आहे, फोटोग्राफी आहे, सिनेमाचा इतिहास आहे, तुमच्या खिशाला लागणारी कात्री आहे. आणि एका माणसाचा चेहरा आहे, जो आता आपल्यात नाही.

बाहुला म्हणायचं नाही हं!

सुरुवातीलाच एक नियम शिकून घ्या. कलेक्टरसमोर 'बाहुला' म्हणायचं नाही. 'फिगर' म्हणायचं. हा नियम साठ वर्षं जुना आहे. १९५९ मध्ये बार्बी आली आणि तिने धुमाकूळ घातला. मुलग्यांसाठी तसंच काहीतरी हवं म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने बारा इंची सैनिक आणला, जी. आय. जो. पण मुलगा बाहुलीशी खेळतोय हे आईबापांना पटणार कसं? म्हणून कंपनीने नवाच शब्द बाजारात आणला : ॲक्शन फिगर. कपडे बदलता येणारी, हातपाय वळणारी बाहुलीच ती. नाव बदललं आणि काम झालं.

हा शब्दांचा खेळ थेट कोर्टात गेला, हे त्याहून मजेशीर. अमेरिकेत आयात होणाऱ्या बाहुल्यांवर १२ टक्के कर होता आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. कायद्याच्या भाषेत बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. तेव्हा मार्व्हलच्याच घरातल्या टॉय बिझ कंपनीने कोर्टात सांगितलं की आमचे एक्स-मेन काही माणसं नाहीत, सबब ती खेळणी आहेत. २००३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. आता गंमत बघा. 'आम्हालाही माणूस म्हणा' हीच तर एक्स-मेनची आयुष्यभराची लढाई! चाहते चिडले नसते तरच नवल. त्यामुळे 'शब्दांवरून काय भांडता' असं कलेक्टरला म्हणायच्या आधी आठवा, कंपन्यांनी शब्दांवरून भांडूनच पैसे वाचवले आहेत.

जी. आय. जोने दिलेलं ते बारा इंची माप मात्र टिकलं. खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश. आज ज्याला 'हाय-एंड' म्हणतात, त्यातल्या बहुतेक फिगर्स याच मापाच्या. या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे हाँगकाँगची 'हॉट टॉइज'. हॉवर्ड चॅन यांनी २००० साली ती सुरू केली. आधी सैनिकांच्या फिगर्स, मग सिनेमातली पात्रं. वळणारे सांधे, कापडाचे खरे कपडे, बदलता येणारे हात आणि नटाशी हुबेहूब जुळणारा चेहरा ही तिची ओळख. वाद घालायला एक उदाहरण हवं ना? तर २०११ मध्ये या कंपनीने आणलेला सुपरमॅन घेऊ. १९७८ च्या सिनेमातला. ख्रिस्तोफर रीव्हचा.

आकाशी, मोरपंखी की गडद?

'सुपरमॅनच्या ड्रेसचा रंग कोणता?' असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? निळा! हो, पण कुठला निळा? आपल्याकडे साडी घ्यायला गेल्यावर दुकानदार 'निळा' एवढ्यावर थांबतो का? आकाशी, मोरपंखी, फिरोजी, जांभळट, गडद... कलेक्टर नेमकं तेच विचारतात.

आता या सिनेमाची अडचण ऐका. सुपरमॅन उडतो. १९७८ मध्ये अशी दृश्यं संगणकावर तयार होत नव्हती. माणूस उडवायचा तर नट स्टुडिओत तारांवर लटकणार आणि मागचं आकाश वेगळं जोडणार. त्यासाठीची एक पद्धत म्हणजे निळ्या पडद्यासमोर शूटिंग करायचं, मग फिल्ममधून तो निळा रंग वगळून त्या जागी आकाश भरायचं. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या देणाऱ्या निवेदिकेने हिरव्या पडद्यासमोर हिरवी साडी नेसली तर काय होईल? साडीच्या जागी महाराष्ट्राचा नकाशा दिसेल. सुपरमॅनचं तेच झालं असतं. पडदा निळा आणि ड्रेसही निळा!

उपाय असा निघाला की अशा शॉटसाठी हिरवट झाक असलेला, आपल्या भाषेत मोरपंखीकडे झुकणारा ड्रेस वापरायचा आणि नंतर लॅबमध्ये रंग दुरुस्त करायचा. ती दुरुस्ती काही ठिकाणी चपखल बसली, काही ठिकाणी नाही. काही उड्डाणांसाठी झोरान पेरिसिक यांनी 'झॉप्टिक' नावाचं वेगळंच तंत्र वापरलं. त्यात कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांचे झूम एकाच वेळी फिरायचे आणि स्थिर लटकलेला नट आपल्याकडे झेपावतोय असं वाटायचं. या सिनेमाच्या दृश्यपरिणामांना विशेष ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही. पण परिणाम असा झाला की इव्हॉन ब्लेक यांनी डिझाइन केलेला हा एक पोशाख पडद्यावर एकाच निळ्यात दिसतच नाही. रस्त्यावर उभा असताना एक निळा, आकाशात दुसरा.

त्यात छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ यांनी सगळ्या सिनेमाला धुकट, मऊ प्रकाश दिलेला. त्याने रंगांच्या कडा विरघळतात. (सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच ते गेले. सिनेमा त्यांनाच अर्पण केलेला आहे.) पुढे व्हिडिओ कॅसेट आली, डीव्हीडी आली, ब्ल्यू-रे आली, २०१८ मध्ये फोर-के आलं. दर वेळी रंगांची जुळवणी थोडी इकडेतिकडे. म्हणजे ज्याने लहानपणी केबलवर सुपरमॅन पाहिला त्याचा निळा वेगळा आणि जिने परवा फोर-केवर पाहिला तिचा वेगळा.

आता सांगा, फिगर बनवणाऱ्याने कुठला निळा घ्यायचा? त्याच्यापुढे तीन निळे आहेत. एक, शिवलेल्या कापडाचा. दुसरा, पडद्यावर दिसलेला. तिसरा, आपल्या आठवणीतला. पहिला मोजता येतो, पण तोही पूर्णपणे नाही, कारण चार दशकं जुन्या कापडाचा रंग उतरलेला असतो. दुसरा शॉटगणिक बदलतो. आणि तिसरा? तो सगळ्यांत हट्टी! लहानपणीचा सुपरमॅन नेहमीच जास्त निळा असतो.

तीन तास चालणाऱ्या भांडणातली निम्मी भांडणं इथेच मिटतात. एक जण पहिल्या निळ्याबद्दल बोलत असतो, दुसरी दुसऱ्याबद्दल. दोघंही बरोबर असतात आणि दोघंही एकमेकांना 'तुला रंगच कळत नाही' म्हणत असतात. हे तुमच्या इतर भांडणांबद्दलही खरं आहे की नाही, बघा विचार करून.

लहान केलं की बिघडतं

''अरे, पण खरं कापड मिळवायचं, तस्संच रंगवायचं आणि लहान करून शिवायचं. हाय काय आन् नाय काय!'' असं वाटत असेल तर थांबा. लहान करणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

रंगापासूनच सुरू करू. विमानं, रणगाडे यांची छोटी मॉडेल्स बनवणारे लोक मूळ रंग जसाच्या तसा लावत नाहीत, किंचित फिका करतात. तोच रंग छोट्या वस्तूवर गडद वाटतो म्हणून. म्हणजे 'हुबेहूब दिसण्यासाठी' मुद्दाम चुकीचा रंग द्यावा लागतो. फिगर फिकी आहे म्हणून ओरडणाऱ्याला हे सांगून बघा, क्षणभर तरी गप्प बसेल.

मग केप. केप हा सुपरहिरो कलेक्टर्सचा हळवा कोपरा आहे. सिनेमात ती खांद्यावरून झुळझुळ खाली येते आणि फिगरवर मात्र पुठ्ठ्यासारखी उभी राहते. का? घरातली चादर घ्या. टेबलाच्या कडेवरून बोटभर बाहेर काढली तर ती जवळपास आडवीच राहते. हातभर काढली तर खाली लोंबते. कापडाला स्वतःच्या वजनाने वाकायला लांबी लागते. केप सहापट लहान केली, पण कापड तेवढंच जाड राहिलं, तर त्याला लोंबायला लांबीच उरत नाही. कापड पातळ करायचं तर सूत किती बारीक कातणार? म्हणूनच काही फिगर्समध्ये केपच्या काठात बारीक तार घालतात. वाऱ्यावर उडतेय अशी वळवा, नाहीतर सरळ खाली दाबा. त्यावरही दोन तट. एक म्हणतात, तार म्हणजे सोय. दुसरे म्हणतात, तार म्हणजे फसवणूक. तुम्ही कुठल्या तटात ते ठरवा, पण चादरीचा प्रयोग करूनच.

आणि उंची? रीव्हची उंची सहा फूट चार इंच, म्हणजे साधारण १९३ सेंटिमीटर. सहाने भागा. ३२ सेंटिमीटर. १९८९ चा बॅटमॅन मायकेल कीटन पाच फूट नऊ इंच, म्हणजे १७५ सेंटिमीटर. त्याचं उत्तर येतं २९. शेल्फवर दोघं शेजारी उभे केले तर सुपरमॅन तीन सेंटिमीटरने उंच दिसायलाच हवा. कंपनीने दोघांना जवळपास एकाच मापाचं अंग दिलं की जाणकाराच्या डोळ्यात ते लगेच खुपतं. 'दोन मिलिमीटर'ची चर्चा ऐकून हसताना हे सहाचं गणित लक्षात ठेवा : फिगरवरचे दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या माणसावरचे बारा. शिंप्याने तुमची बाही बारा मिलिमीटर आखूड शिवली तर तुम्ही काय कराल?

चेहरा : कुठला क्षण?

रंग झाला, कापड झालं. पण सगळ्यात जास्त आवाज चढतो तो चेहऱ्यावर.

गणपतीच्या मूर्तिशाळेत तुम्ही कधी गेला असाल तर 'आखणी' म्हणजे काय ते माहीत असेल. मूर्ती पूर्ण झाली, रंगली, तरी डोळे आखले जात नाहीत तोवर ती माती असते. डोळे आखायला कारखान्यातला सगळ्यात स्थिर हात लागतो. फिगरचंही तसंच आहे. चेहरा घडवणारा आणि चेहरा रंगवणारा, दोघांचंही नाव कलेक्टरला पाठ असतं. हॉट टॉइजच्या खोक्यांवर कोरियन कलाकार युली आणि जे. सी. हाँग यांची नावं दिसली की चाहत्यांचे डोळे चमकतात. सिनेमाच्या पोस्टरवर दिग्दर्शकाचं नाव बघावं तसं. याच कंपनीच्या काही महागड्या फिगर्समध्ये तर बुबुळं फिरवता येतात, म्हणजे नजर कुठे लावायची ते तुम्ही ठरवायचं.

पण रीव्हच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे. त्याचा चेहरा म्हणजे नेमका कुठला चेहरा?

हा सिनेमा पाहिला नसेल तर फक्त एक दृश्य शोधून बघा. क्लार्क केंट लोइसच्या घरी आलाय. ती आत गेलीय. तो चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली आणतो. काही सेकंदांत तोच माणूस सुपरमॅन होतो. ना कपडे बदलले, ना मेकअप. मग ती परत येते आणि तो पुन्हा वाकून, चष्मा लावून गबाळा क्लार्क होतो. चष्मा लावल्यावर कोणी ओळखत कसं नाही, या जुन्या विनोदाचं उत्तर या पंचविशीच्या पोराने अंगाने दिलं. दिग्दर्शक रिचर्ड डोनर यांनी त्याला निवडलं तेव्हा तो फारसा कोणाला माहीत नव्हता. पडद्यावर त्याच्या आधी नावं होती मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची. सडपातळ होता म्हणून त्याच्याकडून व्यायाम करून घेतला डेव्हिड प्राउजने. हो, तोच, 'स्टार वॉर्स'मध्ये डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात असलेला. त्यामुळे 'फिगरची छाती फार भरलीय' हाही वाद निघतोच. कुठल्या रीव्हची छाती? व्यायामाआधीची की नंतरची?

तर शिल्पकाराला या सगळ्यातून एक क्षण निवडायचा असतो. गंभीर, लढाईला निघालेला? की शेवटी पृथ्वीभोवती उडताना आपल्याकडे बघून किंचित हसणारा? हसरा केला तर 'ताकदवान वाटत नाही' म्हणणारे तयार. गंभीर केला तर 'हा रीव्ह नाहीच, त्याच्या डोळ्यांतला भलेपणा कुठेय?' म्हणणारे तयार.

हा दुसरा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. २७ मे १९९५ ला घोड्यावरून पडून रीव्हच्या मानेला दुखापत झाली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. पुढची नऊ वर्षं तो व्हीलचेअरवर होता, व्हेंटिलेटरच्या आधाराने श्वास घेत होता. तशाही अवस्थेत त्याने दिग्दर्शन केलं, भाषणं केली, मज्जारज्जूच्या दुखापतींवरील संशोधनासाठी पैसे उभे केले. १० ऑक्टोबर २००४ ला तो गेला. २०२४ मध्ये आलेला त्याच्यावरचा माहितीपट जमला तर बघाच. त्यात त्याची तिन्ही मुलं बोलतात.

हॉट टॉइजची फिगर आली २०११ मध्ये. म्हणजे ती बघून 'हो, असाच होतो मी' म्हणायला तो नव्हता. राहिले कोण? ज्यांनी त्याला पडद्यावर हजार वेळा पाहिलं ते. जबड्याची रेघ, कपाळावरची बट, ओठांचा कोपरा यावरून ते भांडतात तेव्हा ते एका माणसाची आठवण तपासून घेत असतात. घरात आजोबांचं पेंटिंग करून आणलं आणि आजी म्हणाली, ''सगळं छान आहे, पण हे त्यांचे डोळे नाहीत,'' तर तिला आपण 'डिटेलमध्ये कशाला जातेस' म्हणतो का?

फोटो बघून निकाल देऊ नका

चेहऱ्यावरच्या वादांमधला एक मोठा हिस्सा मात्र शुद्ध गैरसमज असतो. कारण बहुतेकांनी फिगर प्रत्यक्षात पाहिलेलीच नसते, फोटो पाहिलेला असतो.

पुन्हा सहाचं गणित. सिनेमात कॅमेरा नटापासून समजा तीन मीटरवर असेल. सहापट लहान चेहऱ्यासाठी तेच अंतर होतं अर्धा मीटर. आपण मात्र मोबाइल फिगरच्या नाकापाशी, दहा सेंटिमीटरवर नेतो. हिशेबाने तो साठ सेंटिमीटरवरून काढलेला सेल्फी झाला. सेल्फीत आपलं नाक कसं दिसतं, हे तुम्हाला सांगायला नको! मग तोच फोटो बघून 'नाक मोठं केलंय' म्हणून कंपनीला शिव्या. मोबाइल मागे घ्या, झूम करा आणि पुन्हा बघा. पुष्कळ नाकं जागेवर येतात.

रंगाचंही तेच. दोन कापडं उन्हात अगदी एकसारखी दिसतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळी. मॅचिंग ब्लाउजपीस घेताना आई कापड दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघते, ती उगाच नाही. निळ्यावर मत देण्याआधी फोटो कुठल्या उजेडात काढलाय ते विचारा.

आणखी एक फरक लक्षात घ्या. जाहिरातीच्या फोटोत दिसतो तो नमुना, निष्णात कलाकाराने एकट्याने, सावकाश रंगवलेला. तुमच्या घरी येते ती कारखान्यात शेकडोंच्या संख्येने बनलेली प्रत. म्हणूनच जाहिरातीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की प्रत्यक्ष वस्तू वेगळी असू शकते. नमुन्यात आणि घरी आलेल्या प्रतीत किती फरक पडला, यावरून कंपनीची पत ठरते. आणि तो फरक नेमका कुठे पडला हे ओळखणारे हेच ते 'दोन मिलिमीटर'वाले.

आता खिशाबद्दल

इथपर्यंत वाचून तुम्हाला एखादी फिगर घ्यावीशी वाटू लागली असेल, तर आता जरा थंड पाणी.

समजा, फिगर ३०० डॉलरची आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर झाले २५,५०० रुपये. त्यावर आंतरराष्ट्रीय कुरिअर. शिवाय भारताने २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. ७० टक्क्यांचा दर धरला तर २५,५०० चे होतात ४३,३५०. इतर कर वेगळेच. प्रत्यक्षात तुम्हाला किती भरावं लागेल, ते वस्तू कुठून आणि कशी मागवली यावर ठरतं. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून सगळं धरून अंतिम आकडा लेखी घ्या.

त्यात ही वस्तू आज पैसे देऊन उद्या घरी येत नाही. नमुन्याचे फोटो झळकतात, प्री-ऑर्डर सुरू होते, तुम्ही आगाऊ रक्कम भरता आणि फिगर येते अनेक महिन्यांनी, कधी वर्षाहून जास्त काळाने. मन बदललं तर ती रक्कम बहुधा परत मिळत नाही. म्हणजे तुम्ही पैसे देता ते फोटोवर विश्वास ठेवून. म्हणूनच प्री-ऑर्डरच्या वेळी कडाडून होणारा वाद कामाचा असतो. तुम्ही वीस हजारांचा मोबाइल घेताना चार रिव्ह्यू बघता ना? हेही तेच.

'पण ही गुंतवणूक आहे, किंमत वाढते!' असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. काही फिगर्सची वाढते, हे खरं. पण त्याच पात्राची सुधारित आवृत्ती आली की जुनीची मागणी घसरू शकते. हॉट टॉइजने 'डार्क नाइट'चा जोकर असाच पुन्हा काढला. आणि आपल्या हवेचं काय? अनेक फिगर्सवरची जाकिटं, बूट नकली चामड्याचे असतात. त्यातलं पॉलियुरेथेन दमटपणाने हळूहळू विघटित होतं, भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात कपाटातली चपलांची काय दशा होते ते आठवा. काचेचं कपाट, सिलिका जेलच्या पुड्या, थेट उन्हापासून दूर जागा, एवढं केलं तर आयुष्य वाढेल. अमर काहीच नाही, क्रिप्टॉनचा माणूससुद्धा.

भांडा, पण असं

या जगाची एक वाईट बाजूही आहे. 'तुझ्याकडे किती फिगर्स आहेत?' यावर माणसाची किंमत ठरवणारे. मुलगी म्हणाली मला आवडतं, तर तिची तोंडी परीक्षा घेणारे. स्वस्तातली नक्कल घेतली म्हणून कॉलेजच्या पोराला हसणारे. त्यांच्या नादी लागू नका. बघायला पैसे पडत नाहीत. बेल्टचं बकल बदललं हे ज्याच्या लक्षात आलं, तो रिकाम्या शेल्फसकट कलेक्टर आहे.

म्हणून वादात उतरायचंच तर हे चार प्रश्न खिशात ठेवा. आपण कापडाबद्दल बोलतोय, पडद्याबद्दल की आठवणीबद्दल? हा फोटो किती अंतरावरून आणि कुठल्या उजेडात काढलाय? हा नमुना आहे की विक्रीची प्रत? आणि ही खोट मला रोज शेल्फकडे बघताना दिसणार आहे की फक्त कोणीतरी सांगितली म्हणून दिसतेय? चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलंत तर पैसे वाचतील, नाहीतर निदान पस्तावा तरी वाचेल.

सुपरमॅनच्या पँटवरच्या लाल चड्डीवर जगाने किती वर्षं विनोद केले! ती आली सर्कशीतल्या पहिलवानांकडून. २०१३ च्या सिनेमात ती काढून टाकली. २०२५ च्या सिनेमात ती परत आली, आणि त्याच सिनेमात रीव्हचा मुलगा विल टीव्हीवरच्या बातमीदाराच्या छोट्याशा भूमिकेत दिसला. किती जणांना तो ओळखू आला असेल? ज्यांना आला, ते सगळे त्या 'दोन मिलिमीटर'वाल्यांच्याच जातकुळीतले. जबड्याची रेघ पाठ असलेले.

तेव्हा कुठल्याही फिगरची आगाऊ रक्कम भरण्याआधी एक करा. ज्या सिनेमातली ती आहे, तो सिनेमा पुन्हा एकदा बघा. मोबाइल बाजूला ठेवून, दिवे मालवून. निळा कुठला, ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा. मग या वाद घालायला. चहा आम्ही पाठवतो.